लाल तार कुठली?

आमचे भावोजी रंगांच्या दुकानात कामाला लागले ते ताईशी लग्न होण्याआधी, आणि आजही तिथेच आहेत. दुकानात त्यांना सगळे 'नंबरवाले' म्हणतात. एखादी बाई येऊन हातवारे करत सांगायला लागली की, "अहो, ते आमच्या शेजाऱ्यांकडे आहे ना, अगदी हिरवं नाही, अगदी निळं नाही," तर भावोजी तिचं सगळं ऐकून घेणार आणि शेवटी शांतपणे विचारणार, "नंबर?" नंबर सांगितला की डबा तयार. नाही सांगितला तर रंगांचं कार्ड तिच्या हातात देणार आणि आपलं ठरलेलं वाक्य म्हणणार, "रंग कधी दुकानातल्या उजेडात निवडू नये. कार्ड घरी न्या, सकाळी बघा, दिवे लागल्यावर बघा, घरच्यांना विचारा, आणि मग मला नंबर सांगा."

लोकांना हे फार आवडायचं. दुसरा असता तर पडून राहिलेला डबा गळ्यात मारला असता, असं म्हणत ते पुन्हा यांच्याकडेच यायचे. मला मात्र हा माणूस जरा मिळमिळीत वाटायचा. बहिणीच्या नवऱ्याची चेष्टा करायचा मेव्हणीला हक्क असतो आणि तो मी पुरेपूर वापरला. टोमॅटो आणायला पाठवलं तर एकेक टोमॅटो दाबणार, हुंगणार, पुन्हा दाबणार. "भावोजी, टोमॅटो घेताय की गादी?" असं मी विचारायची. ते नुसते हसायचे. ताईने नवीन काही अंगात घातलं की म्हणायचे, "हा रंग तुला खुलतो." दरवेळी तेच वाक्य, आणि दरवेळी ताई नव्या नवरीसारखी लाजायची. मी मनात म्हणायची, रंगात जन्म गेला आणि बायकोचं कौतुक करायला शब्द मात्र एवढेच!

माझं कपडे शिवायचं आणि दुरुस्त करायचं छोटं दुकान आहे. उसवलेलं बघायची माझ्या डोळ्याला सवय. पण भावोजींच्या वागण्यातलं काही मला दिसलं नाही.

रंगांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली आहे. पूर्वी तिथे रिकामे डबे ठेवायचे. मालकांच्या बायकोला, म्हणजे मालकीणबाईंना, हार्प वाजवायचा नाद लागला. हार्प म्हणजे ते माणसाच्या खांद्याएवढं उभं वाद्य, अंगाशी टेकवून दोन्ही हातांनी तारा छेडायच्या ते. शाळेतून निवृत्त झालेल्या संगीताच्या एका बाई शिकवायला मिळाल्या, रिकाम्या डब्यांची खोली मिळाली, आणि हळूहळू हौशी हार्पवाल्या बायकांचा एक जथाच जमला. त्यात एक दातांची डॉक्टरीण होती, एक बस चालवणारी होती, आणखी काही जणी होत्या. सगळ्यांचा उत्साह दांडगा आणि सूर बेताचा. वर्षअखेरच्या सुट्ट्या लागल्या की त्या दोन ठिकाणी कार्यक्रम करत. घंटांची गाणी, बर्फाची गाणी, सुट्टीला घरी परतणाऱ्या माणसांची गाणी. ऐकायला बहुतेक नातेवाईकच असत. नातेवाइकांना उठून जाता येत नाही ना!

भावोजी खाली डबे हलवायच्या यंत्रापाशी उभे असायचे आणि वरून हे सगळं त्यांच्या डोक्यावर पडायचं. एक दिवस न राहवून ते जिना चढून वर गेले आणि दारातच उभे राहून म्हणाले, "माफ करा, पण खिडकीजवळच्या बाईंची मधली एक तार उतरलीय."

खिडकीजवळच्या बाई म्हणजे खुद्द मालकीणबाई. संगीताच्या बाईंनी जाऊन तार छेडली, कान लावला आणि भावोजींकडे बघतच राहिल्या. यंत्राच्या खडखडाटातून, लाकडी छतातून, या माणसाला एक उतरलेली तार ऐकू आली होती. बाईंनी तारा पिळायची किल्ली तिथल्या तिथे त्यांच्या हातात दिली. आधी सगळ्यांच्या तारा लावून द्यायला म्हणून ते वर जायला लागले, मग बाईंनी जुना एक हार्प त्यांना वाजवायला दिला, आणि बघता बघता भावोजी त्या बायकांतले एक झाले.

ताईला कोण आनंद झाला! नवऱ्याला काहीतरी येतं, आणि चारचौघांत येतं, हे तिला नवीनच होतं. सरावासाठी हार्प घरी आणला तेव्हा तिने पुढच्या खोलीतली खुर्ची हलवून त्याला खिडकीजवळची जागा दिली. मला म्हणाली, "हे वाजवायला बसले की मी भांडी घासत नाही. आवाज होतो."

पहिल्याच दिवशी संगीताच्या बाईंनी त्यांना हार्पचा मुख्य कायदा सांगितला होता. इतक्या सगळ्या तारा सारख्याच दिसतात, मग बोट चुकायचं नाही कसं? तर प्रत्येक सप्तकातली सा-ची तार लाल असते आणि म-ची काळी. बाकी सगळ्या पांढऱ्या. "लाल सा, काळी म. तेवढं बघत राहा, हात आपोआप घरी येतो," असं बाई म्हणाल्या. भावोजींनी मान हलवली.

त्यानंतर एकदा ते माझ्या दुकानात आले आणि पांढऱ्या धाग्याची रिळं न्याहाळत उभे राहिले. म्हटलं, "काय भावोजी, आता भरतकाम शिकताय?" ते म्हणाले, "नाही गं, थोडा धागा हवा होता. हार्पच्या काही तारा सारख्या उतरतात, त्यांना खूण करायचीय." मी हातभर धागा काढून दिला. तार वर खुंटीला गुंडाळलेली असते तिथे त्यांनी लहान लहान गाठी मारल्या. तिथे गाठ मारली की आवाजाला धक्का लागत नाही. सगळ्यांना त्यांनी तेच सांगितलं, उतरणाऱ्या तारांची खूण. एवढा मोठा कानसेन, तो म्हणतोय म्हणजे असेलच. कोण कशाला विचारतंय?

त्या वर्षी बाईंनी ठरवलं की घंटांच्या गाण्याची सुरुवात भावोजींनी एकट्याने करायची. आधी त्यांचा हार्प, मग दुसऱ्या ओळीपासून सगळ्या जणी. पहिला कार्यक्रम गावच्या वाचनालयाच्या सभागृहात होता. ताईने महिनाभर आधी मला कोटाचं कापड आणून दिलं. अशी मापं घेतली, जणू तिलाच मंचावर बसायचंय. गडद तांबडा कोट, गळ्याशी मोठं बटण. घालून घरी गेली तेव्हा भावोजी म्हणाले, "हा रंग तुला खुलतो."

आणि कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी ताईने हार्प पुसायला घेतला.

तिचा हेतू किती साधा होता ते मला आजही दिसतं. मंचावर दिवे असतील, लोक बघतील, लाकूड चकाकलं पाहिजे. तिने मऊ फडक्याने खांब पुसला, पाय पुसले, कोपरे पुसले. वर बघते तर खुंट्यांपाशी मळकट धाग्यांची लोंबणारी टोकं. सणसमारंभाला निघालेल्या मुलीच्या फ्रॉकला दोरे लोंबताना दिसले तर आई काय करते? ताईने शिवणाच्या डब्यातली कात्री आणली, एकेक गाठ अलगद कापली, आणि वर हार्पचं कापडी झाकण घालून नाडी बांधली.

सभागृह भरलं होतं. मी आणि ताई दुसऱ्या रांगेत बसलो होतो. पुढच्याच रांगेत मालक. मंचावर अर्धवर्तुळात हार्प मांडलेले. भावोजींनी झाकण काढलं, बसले, हार्प अंगाशी टेकवला आणि वर बघितलं. बघतच राहिले. मग त्यांनी आमच्याकडे बघितलं. ताईला वाटलं, चकाकी बघून खूश झाले. तिने मान डोलावली.

संगीताच्या बाईंनी हात उचलला आणि भावोजींनी सुरुवात केली. पहिले सूर कानावर आले आणि काहीतरी बिनसलंय हे माझ्यासारख्या औरंगजेबालाही कळलं. गाणं तेच होतं, पण भलत्याच घरात शिरलं होतं. सा-वरून निघायचं ते म-वरून निघालं. दोनचार पावलं बरी पडली आणि मग एक सूर असा वाकडा लागला की पुढच्या रांगेतल्या कुणाचं तरी मूल खुदकन हसलं. त्यांनी दुसरी तार धरली, ती तर आणखी भलती. हात मागे घेतला, पुन्हा पुढे नेला, आणि तारांवर बोटं तशीच अधांतरी राहिली. ओळखीच्या गल्लीत दिवे जावेत आणि आपलंच दार सापडू नये, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

बाईंनी डोक्याने खूण केली, बाकीच्या जणींनी दुसरी ओळ उचलली आणि वेळ निभावून नेली. पण रंगाचा बेरंग व्हायचा तो झालाच. पुढची सगळी गाणी भावोजींची बोटं हलत होती, पण तारेला लागत नव्हती. नुसती हवेत. मला खालून दिसत होतं. ताईलाही दिसत असणार, कारण ती मांडीवरच्या कोटाचं बटण पिळत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मी तर त्यांची कुणी रक्ताचीही नाही.

कार्यक्रमानंतर मागच्या खोलीत चहा होता. सगळ्या हार्पवाल्या, त्यांचे नातेवाईक, मालक, सगळे कप हातात धरून उभे. कुणी काही बोलत नव्हतं, म्हणजे सगळे हवामानाबद्दल बोलत होते. संगीताच्या बाई भावोजींजवळ आल्या आणि मायेने म्हणाल्या, "काय झालं हो? बरं नाही का?"

तेव्हा भावोजी म्हणाले, "हिने आज हार्प पुसला. पुसताना ओढाताण झाली, तारा सगळ्या उतरल्या. काय करणार!"

खोलीतले सगळे ताईकडे वळले. ताईच्या हातात बिस्किटांची बशी होती, ती सगळ्यांना वाटत फिरत होती. दातांची डॉक्टरीण म्हणाली, "अहो, वाद्याला असा हात लावायचा नसतो हो." ती बाई मनाने वाईट नाही. दात उपटतानाही ती असंच गोड बोलते. ताई म्हणाली, "मला माहीत नव्हतं." मग मालकीणबाईंपाशी जाऊन म्हणाली, "माझ्यामुळे तुमचा कार्यक्रम बिघडला. माफ करा." आणि मग बाईंना, आणि मग बस चालवणारीला. बशी हातात तशीच. प्रत्येकीची माफी मागत ती खोलीभर फिरली. माझी बहीण! मला बोलायचं होतं, पण काय बोलणार? तारांचं मला काय कळतं? मीसुद्धा मनात म्हटलं, कशाला गं नसता उद्योग केलास, ताई.

संगीताच्या बाई मात्र कप ठेवून मंचावर गेल्या. उघड्या दारातून मला त्या दिसत होत्या. त्यांनी भावोजींच्या हार्पवरून खालपासून वरपर्यंत एकेक तार छेडली. सगळ्या तारा चोख सुरात लागलेल्या होत्या, एकही उतरलेली नव्हती. बाई परत आल्या, त्यांनी भावोजींकडे एकदा बघितलं आणि चहाचा कप उचलला. भावोजींनी मान खाली घातली. ती मान मी विसरणार नाही.

त्यानंतर ताईने हार्पला हात लावला नाही. "कानाला खडा लावलाय," असं ती म्हणाली. केर काढताना हार्पच्या भोवतीची जागा सोडून द्यायची. त्या कोपऱ्यात धुळीचा एक गोल दिसायला लागला. दुसरा कार्यक्रम गावच्या रुग्णालयात होता, रोग्यांसाठी आणि त्यांना बघायला येणाऱ्यांसाठी. ताई म्हणाली, "तू जा. मी नाही येत. मला बघून लोकांना तेच आठवेल." नवा कोट तिने कपाटात टांगून ठेवला.

दोनतीन दिवसांनी भावोजी माझ्या दुकानात आले. इकडची रिळं तिकडे करत उभे राहिले, हवापाणी झालं, माझ्या यंत्राचा पट्टा सैल झालाय म्हणाले. मी म्हटलं, "भावोजी, ताकाला येऊन भांडं कशाला लपवताय? काय हवंय?"

"पांढरा धागा."

"मागचा काय झाला?"

"हिने कापला."

माझं डोकंच फिरलं. हातातलं काम बाजूला ठेवून म्हटलं, "कापला तर कापला! चारचौघांत तिची शोभा केलीत ती पुरली नाही? आता इथे येऊन पुन्हा तिचंच नाव सांगताय? जेवत नाहीये ती धड. तारा उतरल्या तर उतरल्या, तुम्ही लावून घ्यायच्या होत्यात."

"तारा उतरल्या नव्हत्या," असं ते म्हणाले. मग माझ्या कापायच्या टेबलावर पडलेले दोन तुकडे त्यांनी उचलले. एक ताईच्या कोटाची उरलेली चिंधी होती, एक कुणाच्या तरी काळ्या विजारीची. दोन्ही माझ्यापुढे धरून म्हणाले, "ह्यातला लाल कुठला, ते मला कळत नाही. कधीच कळलेलं नाही."

मला आधी हसूच आलं. वाटलं, भावोजी पहिल्यांदा माझी चेष्टा करतायत. मग त्यांचा चेहरा बघितला.

शाळेत असताना त्यांनी झाडाची पानं विटकरी रंगवली होती. गुरुजींनी ते चित्र वर्गाला फिरवून दाखवलं आणि वर्ग खदखदून हसला. त्या दिवसापासून झाकली मूठ सव्वा लाखाची. रंगांच्या दुकानात मिळेल ती नोकरी म्हणून लागले आणि पहिल्याच दिवशी बघितलं की प्रत्येक डब्यावर नंबर आहे. नंबर पाठ केले. रंग गिऱ्हाइकाने निवडायचा, यांनी नंबर ओतायचा. सिग्नलचा वरचा दिवा लागलाय की खालचा, ते बघायचं. टोमॅटो दाबायचा. हार्पच्या तारांतसुद्धा त्यांना सगळ्या खुणेच्या तारा काळ्याच दिसत. दोन पांढऱ्या मध्ये असल्या तर एक, तीन असल्या तर दुसरी, असं मोजत बसलं तर लाल सापडे. पण वाजवताना कोण मोजणार? म्हणून तो धागा.

"आणि लोक तुमच्या सचोटीच्या गोष्टी सांगतात," असं मी म्हटलं. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मला ताईची बशी दिसत होती. "भावोजी, ह्याला म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा. धागा देते, पण आधी घरी जाऊन हे सगळं ताईला सांगा."

त्यांनी सांगितलं. ताईनेच मला दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं. स्वयंपाकघरात, ती पीठ मळत असताना, भावोजी दाराशी उभे राहून सगळं बोलले आणि शेवटी म्हणाले, "माझं चुकलं. मला माफ कर."

"मग तू काय म्हणालीस?"

ताई माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसली होती. हळू बोलते ती, रागावली की आणखी हळू. "मी म्हटलं, माझं नाव घेतलंत ते भरल्या खोलीत, आणि माफी मागताय ती पिठाच्या डब्यापाशी? मी त्या प्रत्येकीच्या पाया पडायची तेवढी राहिले. त्यांना कोण सांगणार?"

"मग?"

"मग काय! म्हणाले, मालकीणबाई असतात तिथे. दुकानात कळलं तर कसं व्हायचं? मी पीठ मळत राहिले." ती उठली आणि दारात थांबून म्हणाली, "त्यांची भीती मला कळते गं. पण माझी लाज त्यांना कळत नाही."

भावोजींना काय करायचंय ते आता त्यांच्याच हातात होतं. धागा मी पाठवून दिला होता. घरी बसून, मोजून मोजून, गुपचूप गाठी मारल्या असत्या तर दुसरा कार्यक्रम झोकात झाला असता. लोकांनी मान्य केलं असतं की बायकोने हात लावला नाही, म्हणून यावेळी बरं झालं. मला तर तेच होणार असं वाटत होतं. तरी ताईने तोंड लपवून का बसावं, म्हणून मी तिला जवळजवळ ओढतच रुग्णालयात नेलं. कोट मीच कपाटातून काढून तिच्या अंगावर चढवला.

रुग्णालयाच्या दर्शनी भागात, लिफ्टच्या समोर, हार्प मांडले होते. चाकांच्या खुर्च्यांत बसलेले रोगी, हाताला सुई लावलेले, पायाला प्लास्टर घातलेले. जिन्यावर परिचारिका उभ्या. ताई अगदी मागच्या बाकावर, खांबाआड जाऊन बसली. मी तिच्या शेजारी, पिशवीत माझी रोजची कात्री.

सगळ्या जणी बसल्या. भावोजींनी झाकण काढलं. मी मान उंच करून बघितलं. खुंट्यांवर एकही धागा नव्हता. संगीताच्या बाईंनी हात उचलला, आणि भावोजी उठून उभे राहिले.

"जरा थांबा," असं ते म्हणाले. त्यांनी खिशातून माझं पांढऱ्या धाग्याचं रीळ काढलं. ते हातातून निसटलं आणि एका रोग्याच्या खुर्चीखाली घरंगळत गेलं. परिचारिकेने उचलून दिलं. मग भावोजींनी खांबाच्या दिशेने बघून मोठ्याने हाक मारली, "अगं, जरा इकडे ये. ह्यातली लाल तार कुठली, ते मला दाखव."

कुणाला काही कळलं नाही. बस चालवणारी म्हणाली, "अहो, ती काय, समोर तर आहे."

"तुम्हाला दिसते. मला दिसत नाही," असं भावोजी म्हणाले. त्यांचे कान पेटल्यासारखे झाले होते. "मला लाल आणि काळं सारखंच दिसतं. लहानपणापासून. म्हणून मी धाग्याची खूण करून ठेवली होती, आणि ती कशाची हे घरातसुद्धा सांगितलं नव्हतं. त्या दिवशी तारा उतरल्या नव्हत्या. हिने काही बिघडवलं नव्हतं. मी खोटं बोललो."

लिफ्टचं दार उघडलं, कुणी उतरलं नाही, पुन्हा बंद झालं. चाकांच्या खुर्चीतल्या एका म्हाताऱ्याने शेजारच्याला विचारलं, "काय म्हणतोय हा?" आणि शेजाऱ्याने तेवढ्याच मोठ्याने सांगितलं, "रंगाच्या दुकानातला आहे तो. त्याला म्हणे रंग दिसत नाहीत." जिन्यावर कुणीतरी हसलं. भावोजी उभेच होते. बसावं, हेही त्यांना सुचत नव्हतं.

मालकीणबाई आपल्या हार्पमागून त्यांच्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे आमच्या बैठकीच्या खोलीचा रंग..."

"नंबर तुम्हीच सांगितला होतात," असं भावोजी हळूच म्हणाले.

मालकीणबाई हसल्या नाहीत. "उद्या दुकानात बोलू," एवढंच म्हणून त्यांनी नजर तारांकडे वळवली.

ताई अजून खांबाआडच होती. मी तिला कोपराने ढोसलं. तिने मला थांबवलं, कोटाचं बटण लावलं आणि सगळ्या खुर्च्यांमधून वाट काढत पुढे गेली. मी कात्री घेऊन मागोमाग. तिने भावोजींच्या हातातून रीळ घेतलं आणि एकेक लाल तार शोधून वर गाठ मारायला लागली. घाई नाही, गडबड नाही. एवढे लोक ताटकळलेत याची तिला पर्वा नव्हती. दातांची डॉक्टरीण पुढे होऊन म्हणाली, "वहिनी, त्या दिवशी मी उगाच..." ताई म्हणाली, "असू दे." आणि पुढची गाठ मारली.

भावोजी आता खाली बसले होते. तिचा कोट त्यांच्या तोंडासमोर होता. शेवटच्या तारेपाशी ती वाकली आणि अगदी हळू म्हणाली. मी कात्री घेऊन शेजारीच होते, म्हणून मला ऐकू आलं.

"माझ्या कोटाचा रंग कुठला?"

भावोजींनी कोटाकडे बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं.

"मला माहीत नाही गं."

"आणि आजवर जे खुलत होते मला, ते?"

त्यांनी नकाराची मान हलवली. खाली घातली नाही. तिच्याकडे बघतच हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी कात्री पुढे केली. ताईने ती घेतली नाही. शेवटची गाठ ओढून घट्ट केली, दाताने धागा तोडला आणि म्हणाली, "वाजवा आता."